सीलबंद वकीलसाहेब

"मी लावलेलं सील खुद्द मलाही तोडता येणार नाही," असं वकीलसाहेब बँकेच्या प्रत्येक नव्या अधिकाऱ्याला ऐकवायचे. उभी हयात त्यांनी घरं, दुकानं आणि बँकांची बुडीत कर्जं यांतच काढली होती. इतरांच्या पायाखालची जमीन नुसती सरकते. वकीलसाहेब ती रीतसर, सहीशिक्क्यानिशी सरकवून देत.

त्या दिवशी एका रिकाम्या बंगल्याचा ताबा घ्यायचा होता. संध्याकाळी वकील मंडळींनी साहेबांचा सत्कार ठेवलेला, त्यामुळे स्वारी नव्या कोटात होती. मागे एका कर्जदाराचा मेहुणा माळ्यावर लपून राहिला होता, म्हणून साहेबांनी दारावरच्या पहारेकऱ्याला आधीच दम भरला, "आतून कुणी ओरडलं, रडलं, अगदी माझं नाव घेतलं, तरी दार उघडायचं नाही."

मग मागच्या खिडक्यांच्या कड्या तपासायला ते आत गेले. तिथे भिंतीला पुरुषभर उंचीचा आरसा होता. आरशासमोर साहेबांनी संध्याकाळचं भाषण म्हणून पाहिलं. चांगलं झालं, म्हणून आणखी एकदा म्हटलं. बाहेर बँकेच्या अधिकाऱ्याला वाटलं, साहेब नेहमीसारखे न सांगता गेले. त्याने दार लावलं, सील ठोकलं आणि तो जेवायला गेला.

साहेबांनी दार बडवलं. "अरे, मी आत आहे. वकीलसाहेब."

"तो मेहुणाही असंच म्हणाला असेल," पहारेकरी बाहेरून म्हणाला.

साहेबांनी अधिकाऱ्याला फोन लावला. तो धापा टाकत आला, पण सीलला हात लावेना.

"कोर्टाच्या परवानगीशिवाय कसं तोडू, साहेब? गेल्या वर्षी त्या आजींचा चष्मा आत राहिला होता. तुम्हीच म्हणालात, नियम म्हणजे नियम. बिचाऱ्या आठवडाभर चाचपडत होत्या."

"तो चष्मा होता. मी माणूस आहे."

"तेच तर अवघड आहे. चष्मा निदान घरावर हक्क सांगत नाही."

फोनाफोनी करता करता दुपार कलली. अखेर परवानगी मिळाली, पण एका अटीवर: बंगल्यावर आपला काही हक्क नाही, असं साहेबांनी लिहून द्यायचं. अधिकाऱ्याने चार ओळी खरडून कागद खिडकीच्या गजांतून आत सरकवला. तेवढ्यात, नवऱ्याचा पत्ता नाही म्हणून काळजीत पडलेल्या वकिलीणबाई तिथे येऊन पोचल्या.

साहेबांनी चष्मा कपाळावर चढवला. "हे काय लिहिलंय? 'हक्क नाही'? हक्क, हितसंबंध, वहिवाट, सगळं वेगवेगळं यायला हवं. आणि चतुःसीमा कुठे आहेत?"

"अहो, सही करा आणि बाहेर या," बाई म्हणाल्या. "हॉलवर लोक जमायला लागले असतील."

"असल्या कागदावर मी सही करू? लोक काय म्हणतील?"

दुसरा मसुदा आत गेला. तो लाल शाईने रंगून बाहेर आला. तिसऱ्यात त्यांना एक 'सदर' कमी वाटला. अधिकारी पायरीवर डोकं धरून बसला. पहारेकऱ्याने आपली खुर्ची बाईंपुढे सरकवली, पण त्या बसल्या नाहीत. त्यांनी पदर सारखा केला आणि रिक्षाला हात दाखवला.

"तुमचं चालू द्या," त्या गजांपाशी येऊन म्हणाल्या. "सत्काराला मी जाते. नाहीतरी इतकी वर्षं तुम्हाला सोसलंय मीच."