सरांनी मनापासून केलेली शिफारस

आठवीच्या वर्गात गणिताच्या सरांनी समीकरणाच्या दोन्ही बाजूंना एक्स वजा तीनने भागलं, हातावरचा खडू झटकला आणि "झालं!" म्हणत ते वळले. पहिल्या बाकावरचा हात वर होताच.

"सर, एक्स म्हणजे तीन असं आपणच वरच्या ओळीत धरलंय. मग आपण शून्याने भागलं."

वर्ग खुदखुदला. महिन्यातली ही सातवी वेळ. सर मोजत होते. शिक्षकांच्या खोलीत ते या मुलीला 'दुरुस्ती' म्हणत. बावीस वर्षांत जमवलेला दरारा ती चाळीस-चाळीस मिनिटांच्या हप्त्यांत संपवत होती.

अशात एक फॉर्म आला. असामान्य बुद्धीची मुलं हेरायची आणि गणिताच्या तासाला त्यांना वरच्या मजल्यावर ग्रंथालयात वेगळा अभ्यास द्यायचा, अशी योजना होती. सरांच्या डोक्यात त्यातलं एवढंच राहिलं: गणिताच्या तासाला, वरच्या मजल्यावर.

खाली लक्षणांची यादी होती. उत्तरापेक्षा रीतीवर शंका घेते का? घेते. मोठ्यांच्या चुका दाखवते का? सरांनी खूण केली आणि शेजारी 'सतत' असं लिहिलं. इतक्या सचोटीने त्यांनी आयुष्यात कुठलाच फॉर्म भरला नव्हता.

"अगंबाई, तिचं एवढं कौतुक?" विज्ञानाच्या बाईंनी डोकावून पाहिलं.

"गुणी पोरगी आहे हो. माझ्या वर्गात उगाच वाया जाईल."

चाचणी झाली. दुरुस्ती शाळेत पहिली आली. मुख्याध्यापिकांनी सरांना बोलावून त्यांचं अभिनंदन केलं.

"मग उद्यापासून रोज शाळा सुटल्यावर तासभर बसा दोघं."

"मी?"

"शिफारस करणारे शिक्षक तेच मार्गदर्शक. मागच्या पानावर दिलंय की."

"मॅडम, मागचं पान मी काही..."

"सही तुम्ही मागच्याच पानावर केलीय, सर."

"पण गणिताच्या तासाला ती वर जाईल ना?"

"आता कशाला? तिचा मार्गदर्शक तर खाली वर्गात असणार!"

पहिल्या दिवशी सरांनी एका जुन्या जाडजूड पुस्तकातलं भयंकर गणित काढलं. पोरीने कंटाळून स्वतःच नको म्हणावं, हा बेत. तिने ते वीस मिनिटांत सोडवलं.

"बरोबर आहे का, सर?"

पुस्तकातली उत्तरांची पानं कधीच गळून गेली होती. "उद्या सांगतो," सर म्हणाले.

मग रोजच 'उद्या सांगतो' होऊ लागलं. उद्या सांगायचं तर आज सोडवायला हवं. सर घरी आल्या आल्या वही उघडून बसायचे आणि समोरचा चहा निवून जायचा.

"अहो, परीक्षा तिची आहे की तुमची?" बायकोने विचारलं. सर हातचे मिळवण्यात गुंतले होते.

दुसऱ्या दिवशी दुरुस्ती ती वही तपासायची. "ही पायरी गाळलीत, सर. घाई करू नका. तुम्हाला येतं."

तीन महिन्यांनी आढाव्याची बैठक ठरली. सरांनी तिला जिन्यात गाठलं. "हे बघ, हा तास नको असेल तर मॅडमना सरळ सांगून टाक. मला अजिबात वाईट वाटणार नाही."

"नकोच आहे, सर. तेव्हा माझ्या सगळ्या मैत्रिणी खेळत असतात."

"शाब्बास! अगदी असंच सांग."

बैठकीत सर निर्धास्तपणे पाय पसरून बसले.

"काय गं, तास चालू ठेवायचा ना?" मॅडमनी विचारलं.

"हो मॅडम. अजून एक वर्ष तरी."

सरांनी पाय आत घेतले. "अगं, तुला नको होता ना?"

"मला नकोच आहे, सर. पण तुमची प्रगती आत्ता कुठे सुरू झालीय. मध्येच सोडलं तर तुम्ही मागे पडाल."

सरांनी या युक्तिवादात चूक शोधून पाहिली. सापडली नाही.