पार्क केल्याशिवाय हलवू नये

"कागदाला वाळवी लागते. हार्ड डिस्कला काहीही लागत नाही," कृष्णकांत गुरुजींनी ओटीवर जमलेल्या मुलांना जाहीर करून टाकलं.

तारापूरच्या खाऱ्या हवेत छत्रीच्या काड्यासुद्धा धड टिकत नाहीत, तिथे हे बोलणं धाडसाचंच होतं. पण गुरुजींकडे तसं कारण होतं. त्यांची पत्नी जयवंतीबाई लग्नांत गाणी म्हणायची. हळदीपासून पाठवणीपर्यंतची सगळी गाणी तिच्या गळ्यात होती. शेवटच्या आजारात ती अंथरुणावरून एकेक गाणं सांगायची, गुरुजी ते पाटीवर उतरवायचे आणि सकाळच्या एसटीने पाटी बोईसरला न्यायचे. तिथल्या एका कारखान्याचा मॅनेजर त्यांचा जुना विद्यार्थी होता. त्याच्या ऑफिसातल्या कॉम्प्युटरवर इंग्रजी अक्षरांत गाणं चढलं, की गुरुजी पाटी स्वच्छ पुसून टाकत. आता ते पाठ करायची गरज नव्हती. डिस्क होती ना!

चैत्रात जयवंतीबाई गेल्या. दिवाळीनंतर ऑफिसात नवी यंत्रं आली आणि मॅनेजर म्हणाला, जुनं तुम्ही घेऊन जा, गुरुजी.

यंत्र यायच्या आधीच गुरुजींनी त्याचा पाठ घेतला. आत एक तवा गरगर फिरतो. त्याच्यावर एक सुई तरंगते, पण टेकत नाही. यंत्र बंद केलं की मात्र ती असेल तिथेच बसते, आणि मग गचके बसले की तव्यावरचं सगळं खरवडून निघतं. म्हणून बंद करण्याआधी 'पार्क' असा हुकूम टाईप करायचा. सुई गुपचूप रिकाम्या कोपऱ्यात जाऊन बसते.

मुलांतल्या चिमीने विचारलं, काहीच फिरत नाही असं यंत्र नसतं का?

"असतं. परदेशात. त्यात काही फिरत नाही, काही हलत नाही. बसल्या जागी सगळं लक्षात ठेवतं. पण एकाच्या किमतीत आपली चिकूची वाडी जाईल."

ओटीच्या कोपऱ्यातून रखमाआक्का बोलल्या. ही जयवंतीबाईंची थोरली बहीण. गुडघे गेल्यापासून तो कोपरा त्यांनी सोडला नव्हता. "मंग माझ्यात काय फिरतंय, गुरुजी? मी तरी कुठं हलते?"

मुलं हसली. गुरुजीही हसले आणि धडा पुढे गेला.

यंत्र आणायच्या दिवशी नेमका गुरुजींना ताप भरला. त्यांनी पुठ्ठ्यावर ठळक, सुवाच्य अक्षरांत सूचना लिहिली, 'पार्क केल्याशिवाय हलवू नये', आणि पुठ्ठा टेम्पोवाल्या खंडेरावाच्या हाती दिला. ऑफिसातलं कोणीतरी वाचेल आणि काय ते करील, असा त्यांचा हिशेब. पण ऑफिसला सुट्टी होती. दार वॉचमनने उघडलं, आणि पुठ्ठा वाचला तो एकट्या खंडेरावाने.

संध्याकाळी खंडेराव घामाने निथळत ओटीवर उभा राहिला. गुरुजींच्या तोंडात थर्मामीटर होता, त्यामुळे सगळं मुकाट ऐकून घेणं आलं.

"अक्षर न अक्षर पाळलंय, गुरुजी. गेटाजवळ सावलीत टेम्पो पार्क केला, हँडब्रेक वढला, चाकाखाली दगड लावला. मंगच खोक्याला हात लावला."

गुरुजींचे डोळे मोठे झाले. ते कौतुकाने झाले, असं समजून खंडेराव पुढे सांगू लागला. रस्त्याला खड्डे फार. दर खड्ड्याला खोकं या टोकाचं त्या टोकाला जाऊन आदळायचं. पण त्याने चालत्या गाडीत एकदाही हात लावला नाही. दर वेळी टेम्पो कडेला घेतला, रीतसर पार्क केला, दगड लावला, आणि मगच खोकं पाठी ढकललं.

"बाकीचे लोक नाय करत एवढं," तो म्हणाला.

यंत्र टेबलावर ठेवून गुरुजींनी बटण दाबलं. आतून घरघर आली, आणि मग खर्र, खर्र, खर्र.

"नारळ कोन खवतंय?" रखमाआक्कांनी बाहेरून विचारलं.

खंडेरावाने हळूच विचारलं, माझं काही चुकलं का? चुकीचं उत्तर कुठून आलं ते पाहिल्याशिवाय गुरुजींनी आयुष्यात फुली मारली नव्हती. त्यांनी पुठ्ठा उलटसुलट वाचून पाहिला. वाक्य शुद्ध होतं. ते म्हणाले, नाही बाबा, तुझं काही चुकलं नाही.

दुसऱ्या दिवशी मुलांनीच रखमाआक्कांना त्या गाण्यांसाठी गळ घातली. आक्का गायला लागल्या आणि गुरुजी पाटी घेऊन समोर बसले. हे बिनहलतं यंत्र उत्तम चालत होतं. एकच अडचण होती, मध्ये थांबवलं की आक्का पुन्हा हळदीपासून सुरू करत. उन्हं कलली तेव्हा कुठे पाठवणीचं गाणं संपलं.

"आणखी एक होतं, आक्का," गुरुजी म्हणाले. "शेवटचं. तिने स्वतः रचलेलं."

"ते माझ्याजवळ नाय. ते तिनं तुमालाच सांगितलं. तुमीच म्हना आता."

मुलं गुरुजींकडे बघत राहिली. गुरुजींनी खडू उचलला. डोळे मिटले. चाल आठवेना, पहिला शब्द आठवेना. आठवलं ते इतकंच: त्यात ती एके ठिकाणी 'नाय' म्हणाली होती, आणि तिथे 'नाही' का लिहायचं हे त्यांनी तिला नीट समजावून सांगितलं होतं.

पाटीच्या मधोमध त्यांनी तेवढा एकच शब्द लिहिला.

'नाय.'