सतरावी पायरी

सासूबाईंना वरच्या खोलीतून खाली आणायचं, असं मी एका रविवारी दाढी करता करता ठरवलं. (माझे बहुतेक निर्णय दाढी करतानाच होतात. तोंडाला फेस असल्यामुळे कुणाशी चर्चा करता येत नाही, म्हणून पटकन होतात.) कारण साधं होतं. आदल्या दिवशी जिना चढताना सासूबाईंनी भिंतीला हात लावलेला मी पाहिला होता. शहात्तर वर्षांचं वय, अरुंद जिना, त्यात भिंतीला हात. माझ्यासारख्या जबाबदार जावयाला एवढं पुरेसं होतं.

आता खरं सांगायचं तर वरच्या खोलीला मोठी खिडकी आहे, वारा छान येतो आणि दार लावून पेपर वाचत पडलं तर खालची हाक ऐकू येत नाही. हा विचार माझ्या मनात आलाच नव्हता असं मी म्हणणार नाही. पण तो दुसऱ्या नंबरला होता.

पुढच्या आठ दिवसांत मी खालची सामानाची खोली रिकामी केली. भिंतीला धरायला दांडे बसवले, न घसरणारी चटई टाकली, उशाशी बेलचं बटण लावलं. बायको दारात उभी राहून बघत होती.

"अहो, आईला विचारलंत का?"

"सरप्राइज आहे."

सासूबाईंनी सरप्राइज पाहिलं. दांडा हलवून पाहिला, बेल एकदा वाजवून पाहिली आणि म्हणाल्या, "छान केलंय हो जावईबापू. कोण येणार आहे राहायला?"

मी समजावून सांगितलं. वय, हाडं, जिना. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

"माझ्या थोरल्या बहिणीला असंच खाली आणलं होतं," त्या म्हणाल्या. "काळजीपोटीच. मग खुर्चीत बसवलं. मग पलंगावर. तिला आजार काही नव्हता, तिचे पाय नुसते विसरून गेले. तुम्ही म्हणालात तर मी येईन खाली, भांडणार नाही. पण मग परत वर जाणं माझ्याच्यानं व्हायचं नाही, एवढं लक्षात ठेवा."

बायकोचे डोळे भरून आले. मी खाली वाकून चटई सरळ करू लागलो. (ती सरळच होती.)

पण मी पडलो क्लार्क माणूस. पाणीपुरवठ्याच्या ऑफिसात तीस वर्षं रेकॉर्ड सांभाळतोय. कागद हातात आल्याशिवाय विषय मिटला असं मला वाटत नाही. त्याच आठवड्यात आमच्या नोटीस बोर्डावर एक पत्रक लागलं होतं. म्हातारपणी माणसाचा तोल आणि चाल कशी बदलते यावर विद्यापीठात संशोधन चाललंय, सत्तरीपुढची माणसं हवीत, तपासणीचा रिपोर्ट मिळेल. मी ते घरी आणलं आणि म्हटलं, "आई, आपण शास्त्रालाच विचारू. रिपोर्ट म्हणेल तसं वागायचं."

"सगळ्यांनी?" सासूबाईंनी विचारलं.

"घरातल्या सगळ्यांनी," मी म्हटलं. हे मला कुणी म्हणायला लावलं नव्हतं.

तिथल्या डॉक्टरबाई तिशीच्या, हसऱ्या आणि फार सभ्य होत्या. आधी फॉर्म भरायचा होता.

"घरात जिना आहे? पायऱ्या किती?"

"सोळा," मी म्हटलं.

"सतरा," सासूबाई म्हणाल्या. "नववी जरा उंच आहे आणि शेवटची बुटकी."

"आई, त्या घरात मी बावीस वर्षं राहतोय."

"राहताय खरे," सासूबाई म्हणाल्या.

डॉक्टरबाईंनी दोन्ही आकडे लिहिले. मग तुलनेसाठी पन्नाशीतलं कुणी मिळत नाही अशी तक्रार त्यांनी सहज केली, आणि मी लगेच बूट काढायला बसलो. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते लोकांचं. आमच्या नशिबी पाय दाखवून होतं.

जमिनीत एक चौकोनी पाट बसवला होता. त्यावर नुसतं उभं राहायचं. छताला टांगलेला एक पट्टा छातीभोवती बांधला, पडलं तर लागू नये म्हणून. मी म्हटलं, मला काय गरज आहे. त्या म्हणाल्या, नियम आहे. मी छाती पुढे काढून ताठ उभा राहिलो. अर्धा मिनिट. पापणीसुद्धा हलली नसेल.

"बघा," डॉक्टरबाईंनी पडदा माझ्याकडे वळवला.

पडद्यावर लाल रेघांचा गुंता होता. कोंबडीचे पाय शाईत बुडवून तिला कागदावर सोडल्यासारखा.

"हे कुणाचं?"

"तुमचं. आत्ताचं."

"पण मी तर हललोच नाही."

"न हलता कुणालाच उभं राहता येत नाही, काका." (काका म्हटल्याचं मी त्या क्षणी मनाला लावून घेतलं नाही. नंतर घेतलं.) "तळवे, घोटे, गुडघे, मान, सगळीकडून निरोप जात असतात. शरीर थोडं पुढे गेलं, मागे ओढा. डावीकडे झुकलं, उजवीकडे घ्या. आपण सतत पडत असतो आणि सतत सावरत असतो. उभं राहणं म्हणजे एवढंच."

मी त्या पाटावर उभा होतो आणि मला खरोखर बसावंसं वाटलं. म्हणजे गेली त्रेपन्न वर्षं मी पडतोय. बसस्टॉपवर, ऑफिसच्या टेबलापाशी, लग्नाच्या फोटोत, मी पडतोय, आणि आत कुणीतरी मला प्रत्येक वेळी धरतंय. दर क्षणाला हजारो निरोपांची आवक-जावक, आणि त्यातला एकही कागद आजवर माझ्या सहीला आलेला नाही. आमच्या ऑफिसात एक नळजोडणी मंजूर व्हायला चार महिने लागतात. मला माझ्या घोट्यांविषयी एकदम आदर वाटू लागला.

"आता डोळे मिटा," त्या म्हणाल्या आणि पायाखाली जाड मऊ गादी सरकवली.

मी डोळे मिटले. पुढचं मला नीट आठवत नाही. डोळे उघडले तेव्हा मी पट्ट्याला लोंबकळत होतो आणि पाय पाटाच्या बाहेर होते.

"किती सेकंद झाले?" मी विचारलं.

"चार," सासूबाई खुर्चीतून म्हणाल्या.

मग त्या उठल्या. चप्पल काढून जोडीनं भिंतीशी ठेवली आणि पाटावर चढल्या. आता मला भीती वाटू लागली. खरंच त्या कोसळल्या असत्या तर माझा कागद मला मिळाला असता, वरची खोली, खिडकी, सगळं. पण डॉक्टरबाई पट्टा बांधत असताना मी मनातल्या मनात म्हणत होतो, पडू नका आई. त्यांची मान किती बारीक झालीय हे मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं.

डोळे मिटले. गादी डळमळली. सासूबाई डोलल्या, सावरल्या, पुन्हा डोलल्या. घाई नाही, धडपड नाही. तीस सेकंद झाले. पडद्यावर लाल रेघेचा एक छोटासा गोळा होता, शर्टाच्या बटणाएवढा.

मध्येच तो पाट एकदम मागे सरकला. तो सरकतो हे आम्हाला सांगितलंच नव्हतं. सासूबाईंनी चटकन एक पाऊल टाकलं, थोडं उशिरा, पण टाकलं. "अगंबाई," म्हणाल्या आणि हसल्या. (माझ्याही पायाखालची जमीन नंतर सरकली. शाळेत या वाक्प्रचाराचा वाक्यात उपयोग मी अनेकदा केला होता. अनुभव वेगळा आहे.)

डॉक्टरबाईंनी त्यांचे आकडे दोनदा तपासले. "आजी, डोळे उघडे असोत की मिटलेले, तुम्हाला फारसा फरकच पडत नाही. असं या वयात आम्ही पाहिलेलं नाही. तुम्ही काम काय करत होतात?"

"थिएटरात होते. बॅटरी घेऊन."

हे मला माहीत होतं. म्हणजे लग्न ठरवताना मला सांगितलं गेलं होतं: मुलीची आई सिनेमा थिएटरात लोकांना अंधारात खुर्च्या दाखवते. ते थिएटर बंद होऊन तिथे फर्निचरचं दुकान आलं, त्यालाही बारा वर्षं झाली. त्या कामात दाखवण्यापलीकडे काही असेल असं माझ्या डोक्यात कधी आलं नाही.

"दाखवते," म्हणत सासूबाईंनी पिशवीतून जुनी बॅटरी काढली. "दिवा बंद करा जरा."

खोलीत सरावासाठी पाच लाकडी पायऱ्या होत्या. मला वर उभं केलं. दिवे गेले. काळोखात फक्त माझ्या पावलांवर उजेडाचा एक गोल पडला, आणि सासूबाई माझ्याकडे तोंड करून उलट्या पावलांनी खाली उतरू लागल्या.

"या. इकडे पाय. हं, आता पुढची."

उजेड माझ्या पायांवर होता. त्यांचे पाय काळोखात होते. त्या मागे वळून बघत नव्हत्या, खाली बघत नव्हत्या, नुसत्या माझी पावलं बघत होत्या. उजेड असूनही तिसऱ्या पायरीवर माझा तोल गेला आणि त्यांनी न थांबता माझं कोपर धरलं.

"आई, तुम्हाला कसं दिसतं?"

"दिसत नाहीच. उजेड पब्लिकच्या पायावर मारायचा, आपल्या नाही. आपल्याला पायानंच बघावं लागतं." त्या शेवटच्या पायरीवरून अलगद उतरल्या. "एकतीस वर्षं. रोजचे तीन खेळ."

दिवे लागले तेव्हा डॉक्टरबाई वहीत काही लिहीत नव्हत्या. एकतीस वर्षं या बाई काळोखात उलट्या चालल्या होत्या, कोणी पडू नये म्हणून, आणि मी त्यांना दांडे बसवून दिले होते.

आठवड्यानं रिपोर्ट आले. सासूबाईंचा असा: पायातली ताकद थोडी कमी, व्यायाम करावा, कठडा धरावा. तोल उत्तम. जिना रोज चढावा, कोणत्याही कारणानं बंद करू नये. बायकोनं शेवटचं वाक्य दोनदा मोठ्यानं वाचलं. सासूबाई चहाचा कप घेऊन वर निघून गेल्या, आणि जाताना भिंतीला हात लावला नाही.

माझा रिपोर्ट बायकोनं मनातल्या मनात वाचला आणि पदर तोंडाला लावला. तोल पूर्णपणे डोळ्यांच्या भरवशावर. जिन्यावर विशेष काळजी घ्यावी. आणि खाली हातानं लिहिलेली एक ओळ: आपली हरकत नसल्यास आपले आकडे आम्ही सत्तरीच्या गटात धरू इच्छितो.

आता माणसानं इथे थांबावं की नाही? पण मला ते चार सेकंद डाचत होते, आणि त्या सोळा पायऱ्याही. दुसऱ्या दिवशी सकाळी ऑफिसला जायच्या आधी मी जिन्याशी गेलो, डोळे मिटले आणि पायांनी बघत चढू लागलो. नववी खरंच उंच होती. आनंदानं माझ्या अंगावर काटा आला. माझे पाय बोलत होते आणि मी ऐकत होतो. चौदा. पंधरा. सोळा. पोचलो. मी छाती पुढे काढून वरच्या मजल्यावर दमदार पाऊल टाकलं.

शेवटची बुटकी होती, हे त्यांनी सांगितलं होतं.

घोट्याला प्लास्टर आहे, सहा आठवडे जिना बंद. बायकोनं मला खालच्या खोलीत आणून ठेवलं. दांडे इथे आहेत, चटई इथे आहे. खोलीची सोय उत्तम आहे, मी स्वतः केली आहे. बायको दिवसभर कामावर असते, त्यामुळे घरात आम्ही दोघंच. मी बेल दाबतो, आणि वरून सासूबाई माझा चहा घेऊन उतरतात. मी पडल्या पडल्या डोळे मिटून त्यांची पावलं मोजतो.

रोज मोजतो. अजून एकदाही सोळावर थांबलेली नाहीत.