कोरा पुठ्ठा

सकाळी गाडीखालून ओढून काढलेला पुठ्ठा कोरा निघाला आणि तपासनिसाने तो उलटवून दोन्ही बाजूंनी बघितला.

दुसऱ्या कुणाच्या गाडीखाली तेल सांडलेलं नसलं तर तो माणूस शीळ घालत ऑफिसला जातो. पण ही गाडी तशातली नव्हती. ती जुनी युरोपियन स्पोर्ट्स सेडान होती. तरुणपणी कुणा बड्या असामीला घेऊन ती सुसाट धावली असेल; आता उतारवयात तपासनिसाच्या पार्किंगमध्ये बसून तेल गाळत होती. रोज रात्री झोपण्यापूर्वी तो तिच्याखाली फ्रिजच्या खोक्याचा पुठ्ठा सरकवायचा आणि सकाळी डाग बघायचा. डाग बशीएवढा असला की सगळं आलबेल. डागच नसला तर अर्थ एकच, आतलं तेल संपलं.

त्याने घाईघाईने बॉनेट उघडून तेलाची पट्टी ओढून बघितली. तेल काठोकाठ होतं. वर मधासारखं स्वच्छ.

"कुणीतरी हात घातलाय," तो पुटपुटला.

संशय घेणं हे त्याचं पोटापाण्याचं काम होतं. विमा कंपनीत तो गाड्यांच्या नुकसानीचे दावे तपासायचा. मागून धडक बसली असं कुणी सांगितलं की तो आधी गाडी पुढून बघायचा. घरीही ही सवय सुटत नसे. त्याची आई मोठ्या हॉस्पिटलात मेट्रन होती. तरुणपणी एकदा ड्रायव्हरला घेरी आली म्हणून तिने स्वतः रुग्णवाहिका चालवून पेशंट पोचवला, हा किस्सा ती अजून रंगवून सांगायची. सख्ख्या मुलाने मात्र पुराव्याअभावी तो दावा कधीच मंजूर केला नव्हता.

त्याची बायको शाळेत गणित शिकवायची. गाडीला ती गाडी म्हणत नसे, 'ते प्रकरण' म्हणायची. जुन्या स्कूटरच्या भावात पडली, असं त्याने तिला सांगितलं होतं. खरा आकडा त्याला आणि त्याच्या भविष्य निर्वाह निधीलाच ठाऊक होता. शिवाय दाराचं एक हँडल परदेशातल्या भंगारवाल्याकडून मागवायला मोबाइलएवढा खर्च येतो, हेही त्याने मनातच ठेवलं होतं. पैसे वाचवायला तो स्वतः ऑफिसला बसने जायचा आणि गाडी फक्त रविवारी काढायचा. त्यातही मागच्या महिन्यात भर लग्नाला जाताना गाडी बंद पडली, आणि बायकोने पैठणी सावरत धक्का मारला. त्या दिवशी तिने बजावलं होतं,

"यापुढे ते प्रकरण रस्त्यात एकदा जरी बंद पडलं ना, तर त्याच दिवशी विकायचं. मान्य?"

"मान्य," तो म्हणाला होता. दुसरं काही म्हणायची सोयच नव्हती.

तेव्हापासून धास्तीने त्याने रविवारीही गाडी बाहेर काढली नव्हती. आणि आता हा कोरा पुठ्ठा!

तो ड्रायव्हरच्या सीटवर बसायला गेला तर गुडघे स्टिअरिंगला आपटले. सीट पुढे सरकवलेली होती. आरसा खाली वळवलेला. डावी काच गाडी घेतल्यापासून खाली जायची पण वर यायची नाही. तिचं बटण दाबलं तर ती निमूट वर आली. आणि डॅशबोर्डवरचा पिवळा दिवा, जो पहिल्या दिवसापासून जळत होता आणि ज्याची त्याला देवघरातल्या दिव्यासारखी सवय झाली होती, तो विझला होता. ॲशट्रेमध्ये पेपरमिंटचा कागद पडला होता. वर्गात ओरडून घसा बसतो म्हणून बायकोच्या पर्समध्ये पेपरमिंट कायम असायचं. आणि उंचीने ती त्याच्या खांद्याला लागायची.

तपासनिसाच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. आपण ऑफिसात असताना बायको गिऱ्हाइकांना गाडी दाखवत होती! चालवून दाखवत होती! आणि विकायच्या मालाची डागडुजी करून घेतली होती.

त्याने तडक मेकॅनिकला फोन लावला. त्याला सगळे उस्ताद म्हणत, कारण लांब स्क्रूड्रायव्हरचं एक टोक इंजिनाला आणि दुसरं कानाला लावून तो रोग ओळखायचा.

"उस्ताद, माझ्या गाडीला हात लावलात तुम्ही?"

"मी? नाही बुवा! म्हणजे... कधी?"

"तेल गळायचं थांबलंय."

"थांबलं? अरे वा! कधी कधी आपोआप थांबतं साहेब."

"आपोआप? तुम्हीच म्हणाला होता ना, इंजिन उतरवावं लागेल?"

"साहेब, इकडे गिऱ्हाईक आलंय. ठेवतो हं!"

आजवर या माणसाने फोन ठेवण्यापूर्वी एखादा नवा बिघाड सांगितला नाही असं झालं नव्हतं. आज त्याने काहीच सांगितलं नाही. म्हणजे तोही सामील होता.

संध्याकाळी जेवताना तपासनिसाने सहज म्हणून विचारलं, "दुपारी कुणी आलं होतं का ग?"

"मी दुपारी शाळेत असते," बायको म्हणाली. "तुला माहीत नाही?"

"मी आपलं विचारलं."

"तू आपलं कधीच विचारत नाहीस. काय झालंय?"

"काही नाही. भात छान झालाय."

"भात आईंनी केलाय."

आई भात कालवत खाली बघून म्हणाली, "जेवताना चौकशा करू नयेत. पचन बिघडतं."

दुसऱ्या संध्याकाळी त्याने सापळा रचला. गिऱ्हाइकासमोर गाडी बंद पडली की गिऱ्हाईक पळणार, आणि बायको रंगेहाथ सापडणार. त्याने रबरी नळी टाकीत घातली, ओढ घेतली आणि पहिला घोट पेट्रोलचाच प्याला. ठसका आवरेपर्यंत कॅन भरत आला होता. मग दुसराही भरला. टाकीत एवढं पेट्रोल कुठून आलं, हे त्याला कळेना. काटा तर वर्षभर अर्ध्यावरच अडकलेला होता. चोर पेट्रोल नेतात हे त्याने पाहिलं होतं. चोर पेट्रोल भरतो, असा दावा त्याच्या टेबलावर कधी आला नव्हता. जेमतेम चौकापर्यंत जाईल इतकंच टाकीत ठेवून त्याने दोन्ही कॅन अडगळीच्या खोलीत लपवले.

"कसला वास येतोय?" जेवताना बायको म्हणाली.

"कुठे काय?"

त्याला ढेकर आला. बायकोने ताट जरा लांब सरकवलं.

सापळा लावला खरा, पण तो आपल्याच पायाखाली आहे हे त्याला दुसऱ्या दिवशी ऑफिसात जाऊन बसल्यावर उमगलं. गाडी रस्त्यात बंद पडली की अट लागू होणार होती! तेवढ्यात मोबाइल वाजला. बायको होती.

"ते प्रकरण चौकात बंद पडलंय. ताबडतोब ये." फोन बंद.

ऑफिसात पोटदुखीचं कारण सांगून तो रिक्षाने घरी गेला, अडगळीतून एक कॅन उचलला आणि त्याच रिक्षाने चौकात पोचला. बायको फुटपाथवर उभी होती, शाळेतून तशीच आलेली, बोटांना खडू. गिऱ्हाईक कुठे दिसत नव्हतं. वाहतूक पोलीस गाडीला वळसा घालून वाहनं सोडत होता आणि मधूनमधून खिडकीपाशी वाकून अदबीने काही विचारत होता.

ड्रायव्हरच्या सीटवर तपासनिसाची आई बसली होती.

मागच्या सीटवर तिच्या वाचनालयातल्या तीन मैत्रिणी होत्या. चौघींच्या तोंडात पेपरमिंट होतं.

"आई! तू?"

"मग काय, तुझ्या बसने फिरू?" आई म्हणाली. "तीन आठवडे चालवतेय. गुडघा हलता ठेवा म्हणून डॉक्टरांनीच सांगितलंय. एकदाही बंद पडली नाही. आजच कशी पडली, तेच कळत नाही."

"पण तेल... ती काच..."

"अरे, सगळी हयात ऑपरेशन थिएटरात गेली माझी. दारात रोज थेंब थेंब गळताना बघून मला घास जाईल का? आधी रक्तस्राव थांबवायचा, मग बाकीचं. उस्तादला बोलावून सगळं करून घेतलं माझ्या पेन्शनमधून. साहेबाकडे बोललास तर बघ, असं त्याला दटावलंही होतं."

तपासनिसाला गहिवरून आलं. बायकोवर आपण नाही नाही ते आळ घेतले, याची त्याला मनापासून लाज वाटली. तो बायकोकडे वळला. बायको त्याच्या हाताकडे बघत होती.

"हे काय आहे?"

"पेट्रोल."

"मी फोनवर फक्त गाडी बंद पडली म्हणाले. आईंनी मला शाळेत फोन केला, पण काय बिघडलंय हे त्यांनाही कळलेलं नाही. काटा अर्ध्यावर आहे." ती फळ्यासमोर बोलते तसं सावकाश बोलत होती. "मग पेट्रोल संपलंय हे तुला ऑफिसात बसून कसं कळलं?"

तपासनिसाने आयुष्यभर लोकांना असेच प्रश्न विचारले होते. त्याने कॅन पाठीमागे नेला. मागच्या सीटवरच्या तिघी पेपरमिंट चघळायच्या थांबल्या.

"आणि परवा मी टाकी गच्च भरली होती," आई म्हणाली.

"आणि काल याला पेट्रोलचे ढेकर येत होते," बायको म्हणाली.

पोलिसाने तपासनिसाला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं आणि आईला विचारलं, "मावशी, तक्रार करायची का?"

"राहू दे. मुलगा आहे माझा."

कॅन रिकामा झाला आणि गाडी पहिल्याच फटक्यात सुरू झाली. तपासनिसाने हळूच बायकोला विचारलं, "ही काही गाडीची चूक नाही. म्हणजे अट लागू नाही ना?"

"रस्त्यात बंद पडली. कारण विचारायचं ठरलं नव्हतं. आजच विकायची."

"मी घेते," खिडकीतून आई म्हणाली. "स्कूटरच्या भावात पडली होती ना रे तुला? तेवढे आत्ता देते. घरातल्या घरात फायदा कशाला काढायचा?"

तपासनिसाचं तोंड उघडलं. खरा आकडा जिभेच्या टोकापर्यंत आला होता. त्याने बायकोकडे बघितलं. ती खडूची बोटं झटकत त्याच्याकडेच बघत होती.

"काय रे? जास्तीला पडली होती का?" तिने गोड आवाजात विचारलं.

"नाही, नाही," तपासनीस म्हणाला. "तेवढ्यालाच."

व्यवहार चौकातच ठरला. मागच्या सीटवर जागा नव्हती आणि पुढच्या सीटवर सून बसली, म्हणून तो रिकामा कॅन घेऊन बसने घरी आला.

रविवारी आई दुपारी पडली होती तेव्हा त्याने खिळ्यावरची किल्ली गुपचूप काढली, खाली जाऊन नुसता पाच मिनिटं गाडीत बसला, आणि किल्ली परत जागेवर लावली. संध्याकाळी आई पार्किंगमधून वर आली. चप्पल न काढता ती दारातच उभी राहिली.

"माझी सीट मागे कुणी सरकवली?" तिने विचारलं.