जोखीम समितीवरचा दातांचा डॉक्टर

बँक चालवायला भांडवल लागतं, विश्वास लागतो आणि नियमाप्रमाणे एक स्वतंत्र संचालकही लागतो. आमच्या बँकेत तो मी होतो. व्यवसायाने मी दातांचा डॉक्टर. बँकेचे साठ टक्के शेअर अध्यक्षांच्या घरात होते (उरलेले अठरा हजार लोकांकडे, म्हणजे कोणाकडेच नाहीत). अध्यक्षांची अक्कलदाढ मी काढली, तेव्हाच त्यांना माझी पारख झाली. मी त्यांचा नातेवाईक नव्हतो आणि बँकिंगमधलं मला ओ की ठो कळत नव्हतं. म्हणजे मी दोन्ही बाजूंनी स्वतंत्र होतो. मला जोखीम समितीचं प्रमुख केलं.

तीन वर्षांत समितीच्या बावीस बैठका झाल्या. सरासरी वेळ अकरा मिनिटं, त्यातली सात चहाची.

मग अध्यक्षांच्या जावयाच्या शीतगृहाचं कर्ज आलं. जोखीम अधिकारी बाईंनी शेरा मारला: जावयांची आधीची दोन कर्जं थकली आहेत, हे तिसरं त्या दोन कर्जांचेच हप्ते भरायला आहे. दुसऱ्या दिवशी बाईंचं टेबल जिन्याखाली गेलं.

बैठकीच्या आदल्या दिवशी त्या माझ्या दवाखान्यात आल्या. रीतसर नंबर लावून, फी भरून. खुर्चीत बसल्या आणि पर्समधून तो शेऱ्याचा कागद काढला.

"डॉक्टर, दात ठीक आहेत माझे. उद्या तुम्ही सही करू नका, एवढंच. प्रमुखाच्या सहीशिवाय हे पुढे सरकत नाही."

"तोंड उघडा," मी म्हणालो आणि कापूस भरला.

त्या माझ्याकडे बघत राहिल्या. मी खाली मान घालून त्यांची धडधाकट दाढ साफ केली. (फी परत केली नाही.)

दुसऱ्या दिवशी सही केली. लाज वाटली होती, पण फॉर्ममध्ये तिच्यासाठी रकाना नव्हता.

सव्वा वर्षाने बँकेला कुलूप लागलं. बाईंना त्याआधीच काढलं होतं, 'भीतीचं वातावरण पसरवल्याबद्दल'. माझ्या धाकट्या बहिणीची निवृत्तीची सगळी रक्कम आत अडकली.

"दादा, तुला माहीत होतं?"

"समितीला माहीत होतं," मी म्हणालो. त्यानंतर ती माझ्याशी बोललेली नाही.

चौकशी अधिकाऱ्याने विचारलं, तुम्हाला नेमलं कोणी? स्वतंत्र संचालक छोट्या भागधारकांनी निवडायचा असतो. माझ्या निवडीच्या सभेला एकोणीस जण आले होते. बाकीच्यांनी घरी आलेल्या संमतीच्या कागदावर न वाचता सही करून पाठवली होती. तो गठ्ठा अधिकाऱ्याने माझ्यापुढे ठेवला. मी सावकाश चाळला. त्यात, वाचकहो, तुमचीही सही सापडली. छान वळणदार आहे, खाली रेघसुद्धा ओढली आहे.