नालबंदाचे लेकीनें वजन आणि बळ वेगळें दाखविलें ती हकीकत

श्रीगजवदनास नमन, कुलस्वामिनीस दंडवत, आणि ऐकणारांस आरोग्य लाभो. शके सोळाशें चाळीस, विलंबी नाम संवत्सर, आश्विन मास, ते समयीं राज्यांत सुकाळ होता, आणि महाराजांचे मनांत आलें कीं मुलेंमुली बळकट व्हावीं. मग किल्ल्याखालीं नवी तालीम घातली आणि वस्ताद रायाजी यांस तिजवर नेमिलें. वस्ताद अंगानें सडपातळ, शिस्तीचे कडक. त्यांनीं धान्याचा थोर तराजू तालमीचे दारीं टांगविला आणि हुकूम केला कीं दीड मणावर भरेल तें पोर आंत घेऊं नये. हैबती नालबंदाची लेक म्हाळसा, वय तेरा, अंगानें भरदार, तीही मोठे हौसेनें आली आणि पारड्यांत बसली, तों पारडें धाडकन भुईस टेकलें आणि पोरें खदखदां हसलीं. वस्ताद बोलिले, "इतकें अंग घेऊन दोर काय चढशील? घरीं जा, अर्धे भाकरीवर राहा, हलकी होऊन ये." म्हाळसा म्हणाली, "एकवार चढूं तर द्या." मग ती दोरास लोंबकळली, दोन हात वर गेली आणि धपकन खालीं आली. पुन्हां हंशा जाहला, आणि तिचे कान लाल जाहले.

मग तिनें आठ दिवस अर्धी भाकर खाल्ली. रोज नाल ठोकितांना घोड्याचा पाय तीच धरून ठेवीत असे. नवव्या दिवशीं तिची पकड ढिली पडली आणि एका दांडग्या घोडीनें पाय सोडवून घेतला. हैबती चिडून म्हणाला, "दोन दोन गडी मागें सरतात ती घोडी तूं एकटी धरीत होतीस! आणि आज हें काय? ऊठ, पोटभर जेव." म्हाळसा जेवली, रडली, आणि मग विचारांत पडली कीं घोडी धरण्याचें बळ अंगीं आहे, तर दोरावर तें जातें कोठें?

इतक्यांत खोगिरें शिवणारे जिनगराची लेक ठकू तेथें आली. ही काडीसारखी बारीक. तराजूनें तिला पहिलीच निवडली होती, आणि दोर ती सरसर चढे. परंतु तालमींतला दगडी गोळा तिचे गुडघ्यावर येईना आणि उडी तेथें खणलेला चर ओलांडीना, म्हणून तीही रडवेली. ती म्हणाली, "म्हाळसे, मला गोळा उचलायला शिकीव." म्हाळसा म्हणाली, "आणि तूं मला दोर." मग नालबंदाचे अंगणांतील चिंचेस दोर बांधिला. म्हाळसेस कळलें कीं गोळा उचलितांना तिचें अंग तिचे मदतीस येतें, आणि दोरावर तेंच अंग तिलाच उचलावें लागतें. म्हणोन बळ आणखी पाहिजे. मग ती रोज लोंबकळे, बैठका काढी, टेकडी चढे. आणि ठकू दूधभाकर जेवे, गोळ्याशीं झुंजे. दोघी एकमेकींस चिडवीत आणि हसतां हसतां मातींत लोळत.

माघ मासीं महाराज तालीम पाहावयास आले. म्हाळसा गर्दींतून पुढें जाहली आणि मुजरा करून म्हणाली, "महाराज, मला एकवार पाहावें." महाराजांनीं मान डोलाविली. मग तिनें सर्वांत मोठा गोळा खांद्यावर घेतला. थोरले मुलगे पाहातच राहिले. चर ओलांडितांना टांच काठावरून घसरली, तरी सांवरून उभी राहिली. मग दोर धरिला. ठकू खालून ओरडे, "पाय आवळ! आतां हात!" आणि म्हाळसा चढली, थांबली, धापा टाकिल्या, पुन्हां चढली आणि माथ्यावरील उघड्या आडव्या तुळईस जाऊन बिलगली. तेथून तिला आपले अंगणांत नाल ठोकणारा बाप दिसला आणि तिनें हांक मारिली, "आबा! वर पाहा!" हैबती हातोडा टाकून धांवत आला.

वस्तादांनीं तिला पुन्हां तराजूवर बसविलें. वजन आश्विनांत होतें तें, वर अर्धा शेर अधिक! वस्ताद कपाळास हात लावून हसूं लागले आणि महाराजांस म्हणाले, "पोरींचें ओझें मोजीत बसलों, बळ पाहावयाचें राहिलें. चूक माझी." मग स्वहस्तें तराजू सोडविला आणि धान्याचे बाजारीं परत पाठविला. महाराज संतोष पावले, दोघींस रेशमी कमरबंद दिधले आणि सर्वांस गुळाच्या पोळ्या वाढविल्या; म्हाळसेनें पांच खाल्ल्या, वस्तादांनीं सहावी आग्रहानें वाढली.

येणेंप्रमाणें तालमीचें दार जाड्या, बारीक सर्व पोरांस मोकळें जाहलें, आणि ज्याचे अंगीं जें उणें तें त्याजकडून रोज करविण्याची चाल पडली. पुढें म्हाळसा तेथेंच वस्तादीण जाहली. राज्यांत आनंद जाहला. लेखनसीमा.