खाऱ्या पाण्याची छकुली

माझं अक्षर म्हणजे कोंबडीने माती उकरल्यासारखं, आणि ऱ्हस्व-दीर्घ मला कधी जमलं नाही. चौथीनंतर शाळा सुटली. वाचणाऱ्याने सांभाळून घ्यावं. तोंडावर बोलायची हिंमत नाही, म्हणून राग कागदावर काढते आहे.

आमच्या वरच्या खोलीत भाड्याने राहणारे रामटेके सर चहा ढवळू देत नाहीत. कोरा चहा मागतात, वरून दुधाची बारीक धार सोडतात आणि कपात डोळे घालून बसतात. मी चमचा उचलला की ओरडतात, "ताई, काहून ढवळून राहिल्या? दूध आपलं आपलं जाते. पाहा, आधी मोठा भोवरा, मंग लहान, मंग त्याच्याहून लहान!" तोवर चहा थंड. मग मलाच म्हणतात, "जरा गरम करता काय?" गॅस काय यांच्या समुद्रातून येतो?

सरांनी सारी नोकरी समुद्रावर काढली. निवृत्त होऊन नागपुरात आले, जिथे कोणत्याही बाजूने निघा, समुद्र शेवटीच लागतो. तरी काम तेच. समुद्राच्या पोटात पाणी कसं घुसळून निघतं ते मोजायचं. त्यासाठी पेन्शनीतून एक यंत्र बनवलं. माणसाएवढं लांब, पिवळं, दोन बाजूंना पंख. पोटातलं तेल आतबाहेर करून ते जड होतं, हलकं होतं, आणि पाण्यात तिरपं खाली जातं, तिरपं वर येतं. त्याचं नाव छकुली.

"मागे पंखा लावा ना, लवकर जाईल," असं मी एकदा म्हटलं. सर माझ्याकडे असे बघायला लागले, जसं मी लेकराला विडी द्या म्हटलं.

"पंखा लावला त स्वतःचीच थरथर मोजन ते! हिले चुपचाप जावं लागते."

छकुलीच्या नाकावर ज्वारीच्या दाण्याएवढं टोक आहे, घुसळण तेच ओळखतं. बाजूला खारटपणा मोजायचा मीटर. माझा झाडू चार हात दूर असला तरी सर आडवे होतात. खोलीत कोळ्याची जाळी लटकतात, पण छकुलीला रोज मऊ फडक्याने पुसतात. वर बोलतात तिच्याशी, "काय वं, आज चूप काहून?" मला म्हणतात, "समुद्रात गेली का वर येऊन मले कळवते, मी इथं हावो म्हणून. बाकी मले कोण कळवते?"

आमच्या घरचे हातमाग केव्हाच विकले, पण सूत भिजवायचा सिमेंटचा हौद अंगणात आहे. मी त्यात कपडे धुते. त्याची मोरी नालीतून थेट माझ्या मोसंबीच्या झाडाकडे काढली आहे, पाणी वाया नको म्हणून. ते झाड माझ्या भावाने नरखेडकडून मांडीवर धरून एस.टी.ने आणलं होतं. भाऊ आता नाही. झाड आहे.

सरांनी हौदात छकुली सोडली. ती तळाला जाऊन बसली ती बसलीच.

"समुद्राच्या हिशेबानं बनली ना ते. खारं पाणी जड, तिले वर धरते. मीठ लागन!"

मिठाची पोती माझ्या पैशांनी आली. "पेन्शन आली का देतो, ताई." एक पेन्शन आली, तिच्या नळ्या आल्या. दुसरी आली, तिची बॅटरी आली. मी आपली चहा देत राहिले.

खाऱ्या पाण्यात छकुली मधोमध तरंगून राहिली, ना वर ना खाली. सरांनी टाळ्या वाजवल्या. आणि मग, मी बाजारात गेले असताना, त्यांनी हौदाचं बूच काढलं. जगातले सारे प्रवाह ठाऊक असलेल्या माणसाने एवढं पाहिलं नाही की हौदाचं पाणी जातं कुठे!

आठवड्यात पानं कडेने करपली. मग गळायला लागली. त्या दिवशी जन्मात पहिल्यांदा मी कोणावर ओरडले.

"समुद्र तुमचा असन, झाड माझं होतं!"

सर जिना चढून वर गेले. सॉरीसुद्धा नाही. भेटले तर खाली पाहून निघून जायचे. याचा मला आणखी राग आला. चहा बंद केला मी.

पण रोज उठून पाहावं तर झाडाचं आळं ओलं. एका पहाटे आवाज झाला म्हणून दाराआडून पाहिलं. सर नळाच्या गोड्या पाण्याच्या बादल्या वाहत होते. झाडाला घालायचे, थांबायचे. मग झाडाशेजारी खणलेल्या खड्ड्यात झिरपलेलं पाणी वाटीत काढून त्यात काहीतरी बुडवायचे. नीट पाहिलं. छकुलीचा मीटर. ज्याला मी फुंकर मारलेली चालत नव्हती, तो चिखलाने माखलेला.

तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. समुद्रावरून होता, पलीकडचा आवाज दाराशीही ऐकू येत होता. छकुलीला समुद्रात सोडणारी बोट निघायला आली होती, तिला घेऊन या म्हणत होते.

"नाही जमत. मीटर कामात हाय," सर म्हणाले. "माहीत हाय मले, मंगची बोट पुढच्या सालीच. अजून खारट येऊन राहिलं ना गा, कसा सोडू?"

मी दार हळूच लोटलं.

परवा झाडाला कोवळी पालवी दिसली. सरांनी वाटीतलं पाणी मोजलं, मग जिभेवरही ठेवलं, आणि फडक्याने मीटर पुसला. मी कोरा चहा नेला. दुधाची धार मीच सोडली आणि चमचा आणलाच नाही. दोघंही कपात बघत बसलो. लहान भोवरा, त्याहून लहान. थंडगार चहा पिऊन सर वर गेले.

कपबशी उचलली तर बशीखाली मिठाचे पैसे होते. पूर्ण.